उन्हाळी आंबवण

ह्यूस्टन शहराच्या पश्चिम उपनगरातील एका घराच्या गॅरेजमध्ये मोटार कधीच उभी केली जात नाही. तिथे लाकडी मांडणीवर काचेचे चार बुधले आहेत, अ‍ॅल्युमिनियमचे एक मोठे पातेले आहे, बाटल्यांना टोपणे बसविण्याचे एक हातयंत्र आहे, कोपऱ्यात एक जुना फ्रिज आहे, आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेला एक उष्णतामापक आहे. घराचा मालक वर्ध्यात जन्मलेला, व्यवसायाने रासायनिक अभियंता, आता निवृत्त. दर वर्षी मे महिना सरत आला की रात्रीचे जेवण आटोपून तो या उष्णतामापकासमोर जाऊन उभा राहतो. रात्री नऊ वाजताही पारा ३३ अंशांखाली उतरलेला नसतो. मग तो मांडणीवरची वही काढतो, कोऱ्या पानावर तारीख घालतो, आणि पुढे काय लिहावे याचा विचार करीत बराच वेळ बसतो.

विचार बिअरचा असतो. उन्हाळा आला, आता घरी कोणत्या प्रकारची बिअर आंबवावी? वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न रिकामटेकड्याचा वाटेल, आणि तसा तो आहेही. पण या प्रश्नाच्या पोटात दोन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत आणि नवशिका माणूस त्यांची हमखास गल्लत करतो. उन्हाळ्यात प्यावयाची बिअर हा एक प्रश्न; उन्हाळ्यात होणारी बिअर हा दुसरा. पहिल्याचे उत्तर जीभ देते. दुसऱ्याचे उत्तर देण्याचा अधिकार जिभेला नाही, तो हवेला आहे. या गृहस्थाला एवढा साधा भेद कळायला तीस वर्षे लागली. आणि तीही अशा माणसाला, ज्याचे बालपण मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या गावात गेले.

करणी तशी सोपी आहे. सातू म्हणजे जव भिजवून त्याला मोड आणावयाचे, ते वाळवावयाचे, भरडावयाचे आणि ६५-६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवावयाचे. आपल्याकडे नाचणीचे सत्त्व करताना मोड आणतात त्यामागेही हेच आहे : अंकुरलेल्या दाण्यात पिठाची साखर करण्याची शक्ती जागी होते. मग तो गोड काढा गाळावयाचा, चोथा बाजूला काढावयाचा (गावाकडे असता तर म्हशीच्या आंबोणात गेला असता), हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून काढा उकळावयाचा, निववावयाचा आणि त्यात किण्व सोडावयाचे. इथपर्यंत ऋतूचा काही संबंध येत नाही. किण्व सोडले की मात्र सूत्रे ऋतूच्या हाती जातात. नेहमीच्या इंग्लिश पद्धतीच्या बिअरच्या किण्वाला १८ ते २१ अंश मानवतात. जर्मन पद्धतीच्या लागर बिअरच्या किण्वाला ८ ते १३. शिवाय काम करणारे किण्व स्वतःही उष्णता निर्माण करते, त्यामुळे बुधल्याच्या आतील द्रव भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी तापलेला असतो. पारा मर्यादेबाहेर गेला की किण्व थांबत नाही. उलट ते बेभान होऊन काम करते आणि मद्यार्काबरोबर नको ती जड द्रव्ये ओतून देते. मग कधी पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा वास येतो, कधी रंग पातळ करण्याच्या द्रवाचा. आणि दुसऱ्या दिवशी कपाळ ठणकते.

१९९२ च्या ऑगस्टमध्ये त्याने पहिला बुधला भरला तेव्हा नेमके हेच झाले. कारखान्यातील एका सहकाऱ्याने साहित्याचा खोका वाढदिवसाला भेट दिला होता. खोक्यातील कागदावर किण्व 'घरातल्या सावलीत' ठेवा असे छापले होते. पण ती सावली कोणत्या देशातल्या घरातली, हे छापले नव्हते. त्याने बुधला गॅरेजमध्ये ठेवला. दोन दिवसांत फेस बुचातून उसळून छतापर्यंत गेला आणि महिन्याने उघडलेल्या पहिल्याच बाटलीने त्याला दोन दिवस अंथरुणाला खिळविले. उरलेल्या बाटल्या त्याने रात्री हिरवळीवर ओतल्या. रात्री का? शेजाऱ्यांची भीती नव्हती. भीती जवळजवळ नऊ हजार मैलांवरच्या एका माणसाची होती.

त्याचे वडील वर्ध्याला शिक्षक होते. आयुष्यभर खादी. वर्धा हा सेवाग्रामचा जिल्हा, आणि दारूबंदीचा जिल्हा. पण त्या घरातील दारूबंदी सरकारी हुकुमाने आलेली नव्हती. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत चाले, आणि झाडाचा रस ताडीच्या दुकानाऐवजी गुळाच्या कढईकडे कसा वळवावा हा तिथल्या उद्योगांपैकी एक होता. वडिलांनी लहानपणी ते काम पाहिले होते. शिंदीच्या झाडाला रात्री मडके बांधायचे, आतून चुन्याने सारवलेले. पहाटे, ऊन यायच्या आत ते उतरवायचे. उतरविलेली ती नीरा. तीच दुपारपर्यंत तशीच राहू दिली तर ताडी. वडील मुलांना हे गणितासारखे शिकवीत : नीरा आणि ताडी यांच्यात फक्त दोन प्रहर उन्हाचे अंतर. मुलाच्या मनात त्यातून एक समज घट्ट बसली, जी वडिलांना कदाचित अभिप्रेतही नव्हती. ऊन हे बिघडविणारे आहे. ज्याला शुद्ध राहायचे त्याने उन्हाच्या आधी उठले पाहिजे.

पहिल्या फजितीनंतर त्याने हार मानली नाही. रसायनांत वावरणाऱ्या माणसाला आपल्याच बुधल्यातील रसायन ऐकत नाही, हे सहन होण्यासारखे नव्हते. तो वाचू लागला. वाचता वाचता त्याला आढळले की युरोपातील ज्या बिअरींना जग उन्हाळी म्हणून ओळखते, त्यांतील कितीतरी उन्हाळ्यात केल्याच जात नव्हत्या. बव्हेरियात १५५३ साली ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर आंबविण्यासच मनाई केली होती. उन्हाळ्यात केलेली बिअर बिघडते हा अनुभव राजाज्ञेच्या रूपाने उतरला होता, इतकेच. मग लोक मार्च महिन्यात जरा कडक बिअर करून ठेवीत, तळघरात बर्फ भरीत, आणि तळघरावर सावली राहावी म्हणून चेस्टनटची झाडे लावीत. पुढे त्या झाडांखाली बाके आली; आज म्यूनिकमध्ये ज्या बिअरबागांचे कौतुक होते त्यांचे मूळ हे असे थंडाव्याच्या गरजेत आहे. बेल्जियमच्या फ्रेंचभाषी एनो प्रांतातील शेतकरीही सेझाँ नावाची उन्हाळी बिअर थंडीतच करून ठेवीत. पेयाचा ऋतू एक आणि करणीचा ऋतू दुसरा. आपल्या लोणच्याचा आंबा उन्हाळ्यातला आणि जेवण पावसाळ्यातले, तसेच हे. हिंदुस्थानातही इंग्रजांनी पहिला बिअरचा कारखाना काढला तो मुंबई-कलकत्त्याला नव्हे. १८५० च्या दशकात एडवर्ड डायर याने तो हिमालयात कसौलीला काढला. गोऱ्या शिपायाची तहान मैदानात होती. किण्वाची सोय डोंगरावर.

हे सारे बदलले १८७० च्या दशकात. कार्ल फॉन लिंडे याने शीतयंत्र सिद्ध केले आणि म्यूनिकच्या बिअरवाल्यांनी त्याला पैसा आणि तळघर पुरविले. ऋतू यंत्राच्या पेटीत कोंडला गेला. या इतिहासातून अभियंत्याने जो बोध घ्यावा तोच त्यानेही घेतला : एक जुना फ्रिज विकत आणला, त्याला तापमान राखणारे उपकरण जोडले, आणि पुढली वीस-पंचवीस वर्षे त्याने टेक्ससच्या ऑगस्टमध्ये बोहेमियाचा जानेवारी नांदविला. त्याची पिल्सनर खरोखर चांगली होई. १० अंशांवर तीन आठवडे, मग शून्याच्या किंचित वर सहा आठवडे. सोनेरी, स्वच्छ, शेवटी हॉपचा कोरडा कडूपणा. घरगुती बिअरवाल्यांच्या स्थानिक मंडळात तिला दोनदा बक्षीस मिळाले. हे कौशल्य होतेच, पण ते बरेचसे विजेच्या तारेतून येत होते. त्या काळी कुणी हे त्याला सांगितले असते तर तो रागावला असता.

सांगितले एका व्यक्तीने. त्याचे वडील १९९८ मध्ये गेले, आणि पुढल्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांसाठी ह्यूस्टनला आली. फ्रिजमध्ये जागा नसल्यामुळे गव्हाच्या बिअरचा एक बुधला तेव्हा त्याने घरातल्या न्हाणीघरात, थंड पाण्याच्या टबात ठेवला होता आणि दाराला बाहेरून कडी घातली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आई त्या दाराशी थबकली. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजल्यावर घरभर जो आंबूस, दुधट, किंचित फुगलेला वास सुटतो, तो तिला अमेरिकेत अपेक्षित नव्हता.

"गहू भिजत घातलेत का रे?"

"हो, आई."

"किती दिवस झाले?"

"आज तिसरा."

"मग आज पाणी बदलून वाटायला हवा. उद्यापर्यंत फार आंबेल."

तो काही बोलला नाही. खोटे बोललो नाही याचे त्याला समाधान होते. ते कसले समाधान होते हेही त्याला ठाऊक होते. दोन आठवड्यांनी, बाटल्या भरीत असताना, ती गॅरेजमध्ये आली. स्टुलावर बसून तिने बराच वेळ पाहिले. हातयंत्राने टोपण बसते कसे हे तिला आवडले असावे, कारण दोन-तीन बाटल्यांना तिने हात लावून पाहिला. मग तिने विचारले,

"हे विकतोस?"

"नाही. विकायला इथला कायदा परवानगी देत नाही. घरी करावी, घरी प्यावी, विकू नये."

कायदा खरोखर तसा आहे. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या विधेयकाने दोन प्रौढ असलेल्या कुटुंबाला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर स्वतःपुरती करण्याची करमुक्त मोकळीक दिली. विक्रीची दिली नाही.

"म्हणजे तुझ्या बाबांचा अर्धा कायदा इथेही आहे म्हण की," आई म्हणाली.

हे वाक्य माफीचे होते की नव्हते हे त्याला आजही नीट सांगता येत नाही. वडिलांचा राग ताडीपेक्षा ताडीच्या लिलावावर अधिक होता, ठेकेदारावर आणि त्या पैशावर पोसणाऱ्या सरकारवर, हे तिला माहीत होते. पण ते घोटभर प्यायलाही कधी तयार झाले नसते, हेही तिला माहीत होते. तिने स्वतः काही घेतले नाही. उठता उठता तिने फ्रिजकडे बोट दाखविले.

"आणि हा कशाला चालू ठेवलायस दिवसरात्र?"

"गार ठेवावं लागतं. नाहीतर उन्हानं बिघडतं."

"तुझं उन्हानं बिघडतं. माझं उन्हानं होतं."

तो हसला. कुरडई आणि पिल्सनर यांची तुलना त्याला विनोदी वाटली. आई पुन्हा आली नाही. २००९ मध्ये ती गेली.

तिचे म्हणणे मात्र नीट पाहिले तर अर्ध्या देशाचे आहे. उत्तर कर्नाटकापासून विदर्भापर्यंत ज्वारी-नाचणीची आंबील, ओडिशाचा पखाळ, बंगालचा पान्ताभात, तमिळ घरातील रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, होळीच्या सुमारास उत्तरेत बरण्यांतून उन्हात ठेवलेली काळ्या गाजरांची कांजी : यांतील एकाही पदार्थाने उन्हाशी वैर मांडलेले नाही. झारखंडात संताळ, मुंडा, हो यांच्या घरी भातात राणूच्या वड्या घालून हंडिया आंबते तीही उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत तयार होते. थंडीत तिला अधिक दिवस लागतात, म्हणून कुणी हळहळत नाही. या सगळ्यांत आंबटपणा हा दोष नसून तो राखणदार आहे. आंबट झालेल्या अन्नात दुसरे काही सहसा वाढत नाही. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात सुरेच्या दुकानांची, पहाऱ्याची, दंडाची करडी व्यवस्था सांगितल्यावर कौटिल्य कुटुंबवत्सल माणसाला उत्सवप्रसंगी घरी पांढरी सुरा करण्याची मुभाही देतो. आणि किण्वाचे जे साहित्य देतो त्यात उडीद आणि तांदूळ आहेत. इडलीचे पीठ फुगलेले ज्याने पाहिले आहे त्याला या कृतीचे नवल वाटू नये. आज महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून मद्य करणे गुन्हा आहे. कौटिल्याची ती मुभा आपल्या कायद्याने ठेवली नाही. असो.

मग उन्हाळ्यात केव्हा काय करावे? त्याच्या वहीतील गेल्या दहा वर्षांची पाने पाहिली तर उत्तर हळूहळू सरकताना दिसते. प्रथम तो फक्त जिभेकडून विचार करी, तेव्हा वहीत हुगार्डनच्या पांढऱ्या बिअरचे नाव वारंवार येते. गहू, धने आणि संत्र्याची वाळलेली साल. बेल्जियममधील त्या गावातील शेवटची पांढरी बिअर १९५० च्या दशकात बंद पडली होती. गावातल्या पियेर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली, आणि पुढे १९९२ मध्ये त्याने आपला दुसरा कारखाना चक्क टेक्ससमध्ये, ऑस्टिनला काढला. इथल्या उन्हात ती बिअर लोकांना आवडली यात आश्चर्य नाही. पण तिचे किण्वही २० अंशांच्या आसपास मागते. म्हणजे फ्रिज आलाच. नंतर बर्लिनची वाइसं येते : तीन टक्क्यांच्या आसपास मद्यार्क, ताकासारखी आंबट, बर्लिनमध्ये तीत रासबेरीचे सरबत घालून देतात. तिच्यापाठोपाठ लाइपत्सिगची गोझं. हीतही आंबटपणा, आणि शिवाय मीठ आणि धने. पहिल्यांदा गोझंचा घोट घेतला तेव्हा त्याला मठ्ठ्याची आठवण झाली, आणि जर्मनांविषयी त्याचे मत एकाएकी सुधारले.

या आंबट बिअरींनी त्याची दिशा नकळत बदलली. आंबट करणाऱ्या जिवाणूंना, दह्याच्या जिवाणूंच्या त्या भाईबंदांना, ३८-४० अंशच हवे असतात. जानेवारीत त्यासाठी पातेल्याखाली शेगडी धरावी लागे. जुलैमध्ये काहीच करावे लागत नसे. संध्याकाळी झाकून ठेवावे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाखावे. वर्षभर ज्याच्याशी झगडा चालला होता ती हवा इथे फुकट राबत होती.

सेझाँने पुढचा धडा दिला. एनोमधील तुर्प गावच्या द्युपाँ कारखान्याच्या किण्वाची एक प्रसिद्ध खोड आहे. सुरुवात धडाक्याने करते, आणि अर्धी साखर उरली असता एकाएकी हातपाय गाळून बसते. ते गार जागी ठेवले तर आठवडेच्या आठवडे रुसून राहते. उलट ३०-३२ अंशांवर ठेवले तर शेवटचा कण संपवून बिअर हाडासारखी कोरडी करून देते. तिला मिऱ्यांचा, लिंबाच्या सालीचा झणझणीत वास. त्याने तो बुधला भीत भीत फ्रिजमधून काढला आणि गॅरेजच्या पश्चिमेकडील भिंतीला लावला, जिथे दुपारी हात लावला तर भाजे. वहीत त्या दिवशी फक्त 'बाहेर काढला' एवढेच लिहिले आहे.

आणि मग क्वाइक. पश्चिम नॉर्वेतील शेतकरी घरांतून हे किण्व पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. आपण विरजण जपतो तसेच. आपले मेले तर शेजारच्या घरातून आणायचे. एका बिअरच्या तळाचा साका पुढच्या बिअरसाठी लाकडाच्या कड्यांच्या साखळीवर किंवा तागाच्या कापडावर पसरून वाळवायचा आणि वर्षभर टांगून ठेवायचा. लार्स मारिउस गार्शोल या नॉर्वेजियन संशोधकाने ही परंपरा घरोघर हिंडून टिपली आणि २०२० मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नवल असे की त्या थंड देशातील हे किण्व ३५ अंशांच्या पुढेही सुखाने काम करते, एरवी जिथे नको ती द्रव्ये तयार व्हावीत तिथे संत्र्याच्या सालीचा वास देते, आणि तीन दिवसांत मोकळे होते. कारण देशाच्या हवेत नाही, घराच्या रीतीत आहे. तिथले शेतकरी काढा पूर्ण निवू न देता, धारोष्ण दुधाइतका कोमट असतानाच त्यात किण्व सोडीत आले. ज्यांना ते सोसले ती किण्वे उरली. बुधल्यातील जीव देशाचे हवामान ओळखत नाही. त्याला पिढ्यान्‌पिढ्या ज्यात सोडले ते ऊनपाणी ओळखीचे होते. त्याच्यापर्यंत हे किण्व एका ओळखीच्या आंबविणाऱ्याकडून कागदी पाकिटात, तांबूस-पिवळ्या पापुद्र्यांच्या रूपात आले. पापुद्रे पाहून त्याला वाळत घातलेल्या चिकाची आठवण झाली की नाही, हे वहीत नाही.

तरीही पिल्सनरचा मान उतरला नव्हता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुलीचे लग्न ठरले होते. होणारे व्याही शायनरच्या बाजूचे. एकोणिसाव्या शतकात टेक्ससच्या त्या भागात आलेल्या चेक शेतकऱ्यांचे वंशज. पिल्सनरचे पिल्झेन बोहेमियातले. १८४२ मध्ये तिथे ती पहिल्यांदा झाली. व्याह्यांच्या पानात त्यांच्या पूर्वजांची बिअर, आणि तीही वरपक्षाला नावे ठेवायला जागा न उरेल अशी, आपल्या हाताने वाढावी, ही वधूपित्याची महत्त्वाकांक्षा समजण्यासारखी आहे. मेअखेर त्याने दोन बुधले भरले. जुलैच्या सुरुवातीला ते शून्याच्या किंचित वर, फ्रिजमध्ये, मुरत होते. मांडणीवर उघड्यावर एक तिसरा बुधला होता : क्वाइकचा, शनिवारी सहज म्हणून भरलेला.

८ जुलै २०२४ ला, सोमवारी पहाटे, बेरील वादळ टेक्ससच्या किनाऱ्यावर चढले आणि ह्यूस्टनवरून गेले. शहर आणि परिसरातील वीस लाखांहून अधिक घरे-दुकाने अंधारात गेली. त्याच्या गल्लीत वीज आठव्या दिवशी आली. पहिले दोन दिवस त्याने फ्रिजचे दार उघडले नाही, जणू न पाहिल्याने आतला जानेवारी टिकणार होता. तिसऱ्या दिवशी बर्फ शोधत तो पाच दुकाने हिंडला; शेवटी मिळालेली एकच पिशवी त्याने शेजारच्या म्हातारीच्या इन्सुलिनसाठी दिली. पाचव्या दिवशी फ्रिजच्या आत ३३ अंश होते.

पिल्सनर नासली नव्हती. आंबण्याचे काम संपलेली बिअर आठवड्याभरात नासत नाही. पण हॉपचा तो ताजा, गवताळ वास गेला होता, आणि तळच्या साक्याची शिळी चव वर चढली होती. अनोळखी माणसाने ती आनंदाने प्यायली असती. बोहेमियाचे नाव घेऊन व्याह्यांपुढे ठेवण्याजोगी ती राहिली नव्हती. तिसऱ्या बुधल्याला मात्र काही झाल्याचे कळलेच नव्हते. बुधवारीच त्याचे काम आटोपले होते. गल्लीतले लोक संध्याकाळी आपापल्या अंगणात, उघड्या दारांत, पुठ्ठ्यांनी वारा घेत बसलेले असत. त्याने ती बिअर तशीच, कोमट आणि बिनफेसाची, बुधल्यातून नळीने काढून भांड्यांत वाटली. ती फार चांगली होती असे नाही. पण सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागितली.

ऑगस्ट लागला. फ्रिज पुन्हा गुरगुरू लागला होता, आणि लग्नाला दोन महिने होते. नवी पिल्सनर करायला तेवढे पुरेसे होते. बायकोने विचारलेही, "मग परत तीच लावताय ना?" त्याने वही काढली, तारीख घातली, आणि त्या रात्री काहीच लिहिले नाही. चार दिवसांनी लिहिले ते असे : गहू निम्मा, सातू निम्मा. काढा गाळून, दह्याच्या जातीचे जिवाणू घालून, एक रात्र गॅरेजमध्ये झाकून. दुसऱ्या दिवशी उकळी, हॉप थोडे, धने खलबत्त्यात अर्धवट कुटून, मीठ चिमूटभर. ३६ अंशांपर्यंत निववून क्वाइक. बुधला पश्चिमेच्या भिंतीशी. 'प्रकार' या रकान्यात त्याने आधी 'गोझं' लिहिले, मग ते खोडले, कारण गोझंमध्ये नॉर्वेचे किण्व नसते, मग काही दिवस तिथे 'सेझाँ' होते, तेही खोडले. रकाना रिकामाच राहिला. व्याह्यांना तो दूरध्वनीवर म्हणाला की पिल्सनर वादळात गेली, दुसरे काही केले आहे, आंबट आहे, आवडेल की नाही ठाऊक नाही. पलीकडून उत्तर आले की आजी कोबी आंबवीत असे, घरात आंबट चालते.

बाटल्या भरून झाल्यावर बुधल्याच्या तळाशी बोटभर साका उरला. तो वाळवून ठेवायचा होता. ह्यूस्टनचे ऊन वर्ध्याच्या उन्हासारखे कोरडे नाही. ते ओले ऊन आहे, त्यात काहीही लवकर वाळत नाही, आणि कापड पातळ, सच्छिद्र लागते. वरच्या मजल्यावरील पेटीत वडिलांचे दोन पंचे आहेत, आईने येताना आणलेले, सुती खादीचे, धुवून धुवून मलमलीसारखे झालेले. त्याने त्यांतला एक काढून खाली आणला, गॅरेजच्या दारात उभे राहून उलगडला, उजेडात धरला. मग घडी घालून पुन्हा वर नेऊन ठेवला. एक जुना उशीचा अभ्रा फाडून मोटारीच्या टपावर पसरला, त्यावर साका चमच्याने पातळ सारवला, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले, आणि पक्ष्यांसाठी शेजारी खुर्ची टाकून बसला.